नऊ डोकी, एक पातं

आमच्या भावकीला विटाळाविषयी जेवढं कळतं तेवढं जगातल्या दुसऱ्या कुठल्याच गोष्टीविषयी कळत नाही. काका वारले तेव्हा कोरगावच्या घरात मी हे ज्ञान जवळून पाहिलं. पाववाल्या पोदेराने पिशवी फाटकाच्या खिळ्याला अडकवायची आणि त्याची सायकल वळणाआड गेली की मगच आतून कुणीतरी जाऊन ती काढायची, असा हुकूम पहिल्याच सकाळी निघाला. दुधाची पिशवी कुंपणाच्या गडग्यावर. समाचाराला येणाऱ्यांनी अंगणातल्या बाकावर बसायचं, आमच्यापैकी कुणी त्या बाकाला हात लावायचा नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी आमच्या दोरीवरची साडी वाऱ्याने उडाली आणि शेजारणीच्या वाळवणाला लागली. शेजारणीने सगळे कपडे पुन्हा धुतले. तिने ते बरोबर केलं, यावर ओसरीवर एकमत झालं. चुलत चुलत भावाच्या नातवाला सुतक किती दिवसांचं, सासरी गेलेल्या मुलीला किती, गावात नसलेल्याला बातमी कळल्यापासून किती, हे सगळं आबा न अडखळता सांगत.

आबा म्हणजे काकांचे थोरले चुलत भाऊ. भावकीत आता तेच वडील. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यामुळे नियम सांगताना त्यांचा आवाज आपोआप वर चढतो. त्यांचं घर काकांच्या घराला लागूनच, मध्ये एक भिंत.

या साऱ्या काटेकोर मंडळींनी दहाव्या दिवशी व्हाळाच्या काठावर काय केलं, ते मला सांगायचं आहे. मी हिशेबाचं काम करणारा माणूस आहे. डिचोलीला एका सहकारी संस्थेत जमाखर्च पाहतो. मला चूक दिसली की ती खोडून पुढे जाता येत नाही.

आधी माझ्या धाकट्या भावाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरून घडलं.

आमचे वडील लवकर गेले. मी शिकायला बाहेर पडलो. धाकटा लहान होता, तो कोरगावात काकांकडे राहिला. काका-काकींना मूल नव्हतं. त्याला शाळेत घालणं, तापात उशाशी बसणं, काजूच्या झाडावरून पडला तेव्हा खांद्यावरून वैद्याकडे नेणं, हे सगळं काकांनी केलं. मोठा झाल्यावर तो खाणींच्या टिपरवर ड्रायव्हर म्हणून गेला. खाणी बंद पडल्या तेव्हा परत येऊन काकांबरोबर काजूची बाग करू लागला. काकांनी आजारपणातच सांगून ठेवलं होतं की माझं सगळं यानेच करायचं. तसा अग्नी त्याने दिला, आणि दहाव्यापर्यंतचं रोजचं तोच करत होता.

मरणाच्या आठ-नऊ महिने आधी काकांच्या पोटात रक्तस्राव झाला होता. म्हापशाच्या इस्पितळात रक्त लागलं. धाकटा रक्त द्यायला गेला. त्यानंतर काही दिवसांनी रक्तपेढीतून त्याला फोन आला, येऊन भेटा म्हणून. काय ते फोनवर सांगायला तयार नव्हते. मी बरोबर गेलो. त्याच्या रक्तात हेपटायटिस बी निघाला होता.

दिसायला काही नाही. कावीळ नाही, थकवा नाही, जेवण व्यवस्थित. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. यकृत सध्या ठीक आहे, ठरावीक काळाने तपासत राहायचं, औषध लागेल तेव्हा सुरू करू, दारू बंद. हा रोग रक्तातून जातो, शरीरसंबंधातून जातो, आईकडून बाळाला बाळंतपणात जातो. एकत्र जेवल्याने, एका पेल्याने पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने, शिंकल्याने जात नाही. वस्तरा, दातांचा ब्रश, नखं काढायचं यंत्र, जे जे रक्ताला लागू शकतं ते प्रत्येकाचं वेगळं. बाहेर सांडलेल्या, वाळलेल्या रक्तातसुद्धा हा विषाणू कितीतरी दिवस जिवंत राहतो, म्हणून डाग दिसत नाही याचा अर्थ काही नाही असा होत नाही. घरच्यांची तपासणी करा, ज्यांना नाही त्यांना लस द्या. तीन टोचण्या.

तेवढं आम्ही केलं. त्याच्या बायकोची तपासणी झाली, तिला नव्हता. तिने लस घेतली. मीही तीन टोचण्या घेतल्या, माझ्या घरच्यांनीही घेतल्या. त्याने दारू सोडली. काजूच्या बागेत राहून हुर्राकाला हात न लावणारा तालुक्यात तो एकटाच असावा. भावकीत मात्र कुणाला सांगितलं नाही. आमची भावकी असं काही ऐकल्यावर काय करते, ते आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. गावात एका बाईला क्षय झाला होता. ती बरी होऊन दहा वर्षं उलटली तरी लग्नाच्या पंगतीत तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची.

रोग कुठून आला, याचाही शोध आम्ही घेतला नाही. टिपर भरायला लागायचे तिथे आंब्याखाली एकजण आरसा टांगून बसायचा, तिथेच सगळे ड्रायव्हर दाढी करून घेत. दात काढायला तो एकदा कुणाकडे तरी गेला होता. जन्मापासूनही असू शकतो, असं बाई म्हणाल्या. कुठलीही शक्यता खोडता येत नाही आणि कुठलीही लिहून ठेवता येत नाही. अशी नोंद मी सोडून देतो.

तर आता दहावं. आमच्याकडे दहाव्या दिवशी व्हाळावर क्षौर होतं. कर्ता आधी, मग भावकीतले पुरुष वयाप्रमाणे. त्या वर्षी आम्ही नऊजण होतो. घराण्याचा ठरलेला न्हावी येतो, त्याच्याकडे आता पातं बसवायचा वस्तरा असतो. एका पात्याचे दोन तुकडे करायचे, एक तुकडा वस्तऱ्यात घालायचा आणि त्या एका तुकड्यावर सगळी ओळ संपवायची. माझ्या वडिलांच्या वेळी मी त्याच ओळीत बसलो होतो. तेव्हा हे खटकायची अक्कल मला नव्हती.

नवव्या दिवशी दुपारी मी डिचोलीला घरी आलो होतो, तेव्हा धाकट्याचा फोन आला.

"दादा, फाल्यां म्हाल्याक काय सांगूचा?"

म्हालो म्हणजे न्हावी, फाल्यां म्हणजे उद्या. मी म्हटलं, "काय सांगूक नको. मी ब्लेडां हाडतंय. सगळ्यांका नवां दिवया. मगे तुझो प्रश्नच येवचो नाय."

"आबा आयकतले?"

"आयकूक काय झाला? नव्या ब्लेडाक कोण नाय म्हणतलो?"

आकडेमोड चुकली नव्हती. माणसं चुकली होती.

त्याला काय हवं होतं, ते अगदी थोडं होतं. काकांचं काम आपल्या हातून पुरं व्हावं आणि आपल्या रक्ताचा थेंब कुणाला लागू नये. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नव्हत्या. त्या आड आणायला भावकी लागली.

सकाळी आम्ही व्हाळावर जमलो. धाकटा आंघोळ करून ओल्या पंचात एका दगडावर बसला होता. भटजी पलीकडे पिंडांची तयारी करत होते. न्हाव्याने पाण्याची बाल्दी भरून ठेवली, वस्तरा उघडला. मी पिशवीतून दोन पाकिटं काढली, आणि न्हाव्यासाठी आणलेले रबरी हातमोजे, आणि वापरलेली पाती टाकायला झाकणाचा डबा.

"ही कसली पाकिटां?" आबांनी विचारलं.

"ब्लेडां. दर माणसाक नवा तुकडो."

"कित्याक?"

"दुकानात आता तसाच करतत. हंय कित्याक नको?"

"ह्या दुकान नाय. दहावां आसा," आबा म्हणाले. "आमी एका घराण्याचे, एका रगताचे. एकाच पात्याखाली माथी घालूची. कर्त्यापासून सुरू, सगळ्यांत ल्हानार संपता. मधी पातां बदललां काय वळ तुटली."

हे कारण मी त्या दिवसाआधी कधी ऐकलं नव्हतं. आबांनाही ते त्याच क्षणी सुचलं असावं, अशी माझी खात्री आहे. पण आबा एकदा बोलले की ती रीत होते, आणि रीत झाली की ती पणज्यापासून चालत आलेली असते. बाकीच्यांनी माना हलवल्या.

आमचा एक चुलत भाऊ शाळेत विज्ञान शिकवतो. तो हसत म्हणाला, "दादा, तू जमाखर्च सांभाळ. माथी आमची आसत."

"हिशेबनीस इलो म्हणान म्हाल्यानय आता जीएसटी लावचो काय?" दुसऱ्याने भर घातली. हशा झाला.

न्हावी म्हणाला, "माका काय? तुमी सांगशात तसा करतंय. पण बेगीन ठरवा. माका मगे पार्श्यात दुसरां दहावां आसा."

म्हणजे आमच्या नऊ डोक्यांवरून फिरलेला वस्तरा तसाच शेजारच्या पार्श्याला जाणार होता, आणि तिथल्या डोक्यांवरून आणखी कुठे. या बाबतीत आमचा तालुका एकमेकांशी चांगलाच जोडलेला आहे.

मी पुन्हा समजावून पाहिलं. सलूनमध्ये तुम्ही नवं ब्लेड मागता ना, असं विचारलं. मागत नाहीत, असं कळलं. मागितलं तर न्हाव्याला वाईट वाटतं. जत्रेत गोंदवायला बसलेला माणूस एकच सुई सगळ्यांना चालवतो, तेव्हाही कुणी विचारत नाही, कारण मागे रांग असते. ज्या माणसाला आपल्या दोरीवरची साडी दुसऱ्याच्या साडीला लागलेली चालत नाही, त्याला दुसऱ्याच्या कातडीत घुसलेलं लोखंड आपल्या कातडीत घुसलेलं चालतं. साडी दिसते, रक्त दिसत नाही, एवढाच फरक.

"पुरे," आबा न्हाव्याला म्हणाले. "कर्त्याक बसय."

न्हाव्याने पातं मोडलं, एक तुकडा वस्तऱ्यात घातला आणि धाकट्याकडे वळला. धाकटा उठून उभा राहिला.

"आबानू, दादा माझ्यापायी सांगता," तो म्हणाला. "माझ्या रगतात रोग आसा. लिव्हराचो. माझ्या माथ्यार लागलेलां पातां दुसऱ्याक लागूक नये."

हे सांगायचं आमचं ठरलं नव्हतं. ते लपून राहावं म्हणूनच मी पाकिटं आणली होती. पण वस्तरा त्याच्याकडे येत होता आणि त्याच्यामागे आठ डोकी उभी होती. त्याच्या जागी मी असतो तर कदाचित आणखी थोडा वाद घालत बसलो असतो.

आबा काही बोलायच्या आधी विज्ञानाच्या मास्तराने धाकट्याशेजारच्या दगडावरचा आपला टॉवेल उचलला आणि खांद्यावर टाकला.

"केन्नापासून?" आबांनी विचारलं.

"काकांका रगात देवक गेल्लंय तेन्ना कळला."

"आणि हाडलंस खंयसून?"

"म्हायत नाय."

"टिपरार आशिल्लो मां," मागून एकजण म्हणाला. "त्येंची वसती खंय नि जेवण खंय."

"जेवणान लागणा नाय," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. जे जसं सांगितलं होतं तसं तो परत सांगत होता.

आबांनी ओळीत उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तर मगे क्रिया दुसऱ्यान करूची. असल्या रगताच्या हातचां उदक त्येका पावतलां काय? माझो झील करीत पुढचां."

धाकट्याचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. ब्लेडाबद्दल, टिपराबद्दल बोलले ते त्याने ऐकून घेतलं होतं. हे त्याने गृहीत धरलं नव्हतं.

"काकांनी माका सांगितलेला," तो म्हणाला.

"काकाक ह्या म्हायत आशिल्ला?"

"होय. इस्पितळातसून इलंय त्याच दिवशी मी त्येंका सांगितलंय."

हे मलाही माहीत नव्हतं.

"आणि काय म्हणालो?"

"काय नाय. उदक मागल्यांनी."

काका त्याच्याच हातून शेवटपर्यंत पाणी प्यायले, हे घरात सगळ्यांनी पाहिलेलं होतं. पण आबांवर त्याचा परिणाम झाला असं म्हणता येणार नाही. ते भटजींकडे वळले.

"भटजीनू, माझो झील बसता. चलता मां?"

भटजी दर्भ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "नाही चालत. अग्नी ज्याने दिला त्यानेच दहावं करायचं. मधेच हात बदलला तर नऊ दिवसांचं केलेलं फुकट."

"पण त्येका रोग आसा."

"रोग्याने करू नये असं मला कुठे सापडलेलं नाही. कर्ता बदलू नये असं सापडलेलं आहे."

"बदललो तर काय जाता?"

"आत्मा वाटेत राहतो."

"खंयच्या वाटेर?"

"ते मी कसं सांगू? घराच्या आसपास असतो म्हणतात."

मी मघाशी सांगितलंच, आबांचं घर काकांच्या घराला लागून आहे. मध्ये एक भिंत. आबांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा भटजींकडे, आणि म्हणाले, "बरां तर. तोच करूं दी."

एका डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलेली खरी गोष्ट तिथे कुणाच्या कामाची नव्हती. माझी पाकिटं कामाची नव्हती. काकांचा शब्दही नव्हता. माझ्या भावाचा हक्क वाचवला तो भुताच्या भीतीने. मला त्याचा आनंद झाला आणि शरमही वाटली. आजही दोन्हींत जास्त काय होतं ते सांगता येत नाही.

न्हाव्याने हातमोजे चढवले. त्याला मी सांगितलं की तुझ्या हाताला कापलेलं नसेल तर भ्यायचं काही नाही, आणि कापलेलं असलं तरी मोजा आहे. त्याने मघाचा तुकडा काढून ठेवला, माझ्या पाकिटातला नवा घेतला आणि धाकट्याचं डोकं, मिशी उतरवली. एक ओरखडाही उठला नाही. तुकडा डब्यात टाकला, मी झाकण लावलं. आता पुढचं सोपं होईल असं मला वाटलं. निदान एवढं ऐकल्यावर तरी सगळे नवं पातं मागतील.

आबा पुढच्या दगडावर बसले आणि न्हाव्याला म्हणाले, "आता मघा मोडलेलां पातां घाल. त्येचां वेगळां झाला. आता आमचां एक."

मला आधी समजलंच नाही.

"आबानू, ज्या कारणान त्येचां वेगळां, त्याच कारणान सगळ्यांचां वेगळां," मी म्हटलं.

"रोग त्येका आसा. आमका नाय."

"कशावरून?"

"माका काय झाल्लां दिसता काय?"

"त्येकाय काय झालां नव्हता. आजूनय काय होणा नाय. तपासल्यानी म्हणान कळला. तुमी तुमचा रगात केन्ना तपासलास?"

"माझ्या रगताक नावां ठेवतंस?" आबांनी विचारलं. आवाज चढला होता.

मी नावं ठेवत नव्हतो. मी फक्त मोजत होतो. आम्ही नऊ माणसं. त्यांतल्या एकाच्या रक्तात काय आहे ते माहीत होतं, आणि तो एकटाच असा होता की ज्याच्यापासून त्या सकाळी कुणाला काही लागणं शक्य नव्हतं, कारण त्याने स्वतः उभं राहून सांगितलं होतं आणि त्याचं पातं डब्यात बंद होतं. एक मी, लस घेतलेला. उरलेल्या सात जणांपुढे 'माहीत नाही' एवढंच लिहिता येत होतं. हिशेबात 'माहीत नाही' म्हणजे शून्य नव्हे. पण आमच्या लोकांना ज्याने खरं सांगितलं तोच तेवढा धोक्याचा वाटतो. जो गप्प बसला तो स्वच्छ.

मास्तराने तोडगा काढला. त्याने बाल्दीत डेटॉलचं एक टोपण ओतलं. पाणी पांढरं झालं. पाणी पांढरं झालं की आमच्याकडे सगळ्यांचं समाधान होतं.

"ह्या शाळेत शिकयतंस?" मी त्याला विचारलं.

"शाळेत पुस्तकात आसा ता शिकयतंय," तो म्हणाला. "हंय आबा सांगतत ता."

मी पाकीट उघडून हातात धरून बसलो. नार्व्याला राहणारा एक चुलत भाऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "माका एक नवां दी. भयान नाय. माथ्यार फोड आसा म्हणान." त्याच्या डोक्यावर फोड नव्हता. मी दिलं. थोड्या वेळाने आबांचा मुलगा आला, ज्याला आबा कर्ता करायला निघाले होते. बापाकडे पाठ करून त्याने हात पुढे केला. त्यालाही दिलं. मी धरून आम्ही तिघे. उरलेल्या पाचांनी एका तुकड्यावर घराणं राखलं.

आबांनंतर मास्तर बसला. त्याच्या कानामागे वस्तरा निसटला. फार नाही, पण रक्त आलं. मानेवरून एक रेघ खाली उतरली. न्हाव्याने तुरटी लावली, पातं पांढऱ्या पाण्यात बुडवून काढलं, खांद्यावरच्या फडक्याला पुसलं आणि पुढच्या डोक्याला भिडला. ज्याचं डोकं होतं तो डोळे मिटून बसला होता. एवढ्या वेळात धाकटा एकटा पलीकडे उभा होता, सगळ्यांपासून लांब, कारण त्यांनी त्याला तिथेच उभं राहायला सांगितलं होतं. मी त्या रेघेकडे पाहत होतो. मास्तर मान वळवून खांद्यावरच्या टॉवेलाकडे पाहत होता. टॉवेलाला डाग लागेल म्हणून.

पिंड धाकट्याने दिले. सगळं नीट झालं. आबांनी नंतर दोनतीनदा विचारून खात्री करून घेतली की काही राहिलं तर नाही ना.

बाराव्याला घरी जेवण होतं. तोपर्यंत बातमी कोरगावभर झाली होती. पंगतीत धाकट्याच्या पानापुढे कागदाचा पेला आला, बाकीच्यांपुढे स्टीलचे. वाढणाऱ्याने त्याला पाणी घातलं ते तीर्थ सोडतात तसं, वरून. अर्धं पानात पडलं. धाकट्याने पेला रिकामा केला आणि पुन्हा मागितलं. तेही वरूनच आलं. पेल्याने हा रोग जात नाही हे व्हाळावर सगळ्यांना सांगून झालं होतं. वस्तऱ्याने जातो हेही सांगून झालं होतं. त्यांनी दोन्ही ऐकलं आणि नेमकं उलट पाळलं. इतकी अचूक चूक मी आजवर एकाही ताळेबंदात पाहिलेली नाही.

जेवणं झाल्यावर आमच्याकडे एक रीत असते. भावकीतला वडील माणूस सगळ्यांसमोर कर्त्याच्या डोक्याला नवा पंचा बांधतो. मग कर्ता त्याच्या पाया पडतो. त्या घरचं दार आता कुणाच्या नावाने वाजवायचं, ते तिथे ठरतं. पंचा बांधला नाही तर दहावं करणारा फक्त काम करून गेलेला माणूस राहतो. धाकटा ओसरीवर येऊन आबांच्या खुर्चीपुढे उभा राहिला. सगळे जमले होते. काकी आतल्या दारात उभी होती. बारा दिवसांत ती पहिल्यांदाच एवढी बाहेर आली होती.

आबांनी पंचा उचलला. समोर ताजं उतरवलेलं डोकं होतं. ते डोक्याकडे पाहत राहिले. मग बसल्या जागेवरून त्यांनी पंचा टोकाला धरून पुढे केला, चिमटीत, हात लांब करून.

"घे," ते म्हणाले. "बांध."

धाकट्याने तो घेतला. घडी उलगडली, नीट झटकला आणि सगळ्यांसमोर स्वतःच आपल्या डोक्याला बांधला. घाई केली नाही. शेवटचं टोक आत खोवलं आणि पाया पडायला वाकला.

आबांनी पाय खुर्चीखाली घेतले.

तो वाकलेलाच राहिला. त्याचे हात जमिनीवर होते, जिथे आबांचे पाय असायला हवे होते तिथे. ओसरीवर सगळे ते बघत होते, आणि कुणी दुसरीकडे बघत नव्हतं.

"आबानू," काकी दारातून म्हणाली, "तो वाट बघता."

"पुरे, पुरे, पावला," आबा म्हणाले.

"पाय मुखार करा," काकी म्हणाली. "माझ्या घरचो कर्तो आसा तो."

आबांनी पाय पुढे केले. आधी डावा, मग थोडा विचार करून उजवा.